सांध्यांवरचा सीलर
हार्डवेअरच्या दुकानात सीलरचा उग्र वास आला की महाडची ती दुपार आठवते. पोलादपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या घरात नवीन लाद्या बसल्या होत्या आणि आई सवयीने त्यांच्यावरही शेणाचा हात फिरवायची. लाद्यांमधले सांधे हिरवट पडले, तेव्हा चिडून मी तिला घेऊनच महाडच्या दुकानात गेलो. “हा मारा, कसलाच डाग धरणार नाय,” दुकानदार म्हणाला. आई पुटपुटली, “मंग मी सारवलेलं दिसंल कुठं रे?” मी तिच्याकडे पाहिलंही नाही. सांधे घासून सगळीकडे सीलर मारला. पुढच्याच पावसाळ्यात ती गेली. तिला ठेवलं होतं ती जागा रीतीप्रमाणे शेणाने सारवली, दिवा ठेवला. तेराव्यानंतर फडकं फिरवलं, तर एका हातात सगळं पुसलं गेलं. अजूनही मी तिथे वाकून सांध्यांत हिरवट काही उरलंय का ते बघतो. सीलर चांगलाच निघाला.