महाथंडची चव

चार माणसं एकत्र कामाला लागली आणि एकत्रच घरी बसली, की किस्से साचतातच. आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बघा! कारखाना बंद होऊन दोन वर्षं झाली, तरी 'गुड मॉर्निंग'च्या आधी कुणीतरी 'आठवतंय का?' टाकतंच.

कारखाना म्हणजे विरार पूर्वेचा, सरकारी कोल्ड्रिंकचा. एका महामंडळानं कोकमाचं गॅसवालं पेय काढलं होतं, नाव 'महाथंड'. मी तिथे लॅब असिस्टंट. सिरप रूमला गिरीज गावचे बस्त्यावकाका. खासगी कंपनीतली पक्की नोकरी सोडून आलेला माणूस. महाथंडची चव त्यांनीच बसवलेली.

•

पाण्याचा टँकर रोज वटार गावच्या एकाच विहिरीवरून यायचा. एकदा काकांनी पेलाभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि म्हणाले, "ही आपली विहीर नव्हे."

ड्रायव्हर आईची शपथ घ्यायला लागला. माझे रिपोर्ट तर सगळे नॉर्मल!

"चिंचेखालचं पाणी आहे हे. परत ने."

ड्रायव्हरनं कान खाजवला. मग हळूच म्हणाला, "पंप बिघडलाय, काका. शेजारच्या वाडीत भरला. चिंच आहे तिथं."

माझी एम.एस्सी. तिथेच गार पडली.

•

पहिली बाटली मंजुरीला वरच्या ऑफिसात गेली. चार महिने टेबलाटेबलांवरून फिरली, प्रत्येकानं झाकण उघडून वास घेतला. परत आली तेव्हा गॅस केव्हाच उडालेला. सोबत पत्र: 'नमुना मंजूर. उत्पादन तंतोतंत याप्रमाणेच असावे.'

आमचे मॅनेजर इतके सज्जन, की गॅसचं मशीन बंद करायला निघाले!

काकांनी बर्फाच्या डब्यात दुसरी बाटली घातली आणि थेट वरच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर जाऊन बसले. दिवसभर. साहेब बाहेर आले तशी समोरच उघडली. फस्सकन फेस साहेबांच्या हातातल्या फायलीवर! सगळे गार. साहेबांनी उरलेली बाटली तिथेच उभ्यानं संपवली आणि म्हणाले, "डागांसकट मंजूर!"

•

पहिला उन्हाळा काय सांगू! वाड्यांमधल्या लग्नांत क्रेटच्या क्रेट संपायचे. एका लग्नात नवरदेव स्टेजवरून उतरून स्टॉलवर आला. काका मागे उभे राहून नुसते बघत होते, डोळ्यांत पाणी. आम्हीही बघत राहिलो. सरकारी वस्तू, आणि लोक रांग लावून मागतायत!

•

दुसऱ्या उन्हाळ्यात मार खाल्ला. फुलपाड्यातला दुकानदार म्हणाला, "मॅडम, फ्रिज परदेशी कंपनीनं दिलाय. तुमची बाटली आत दिसली तर फ्रिजच उचलून नेतील."

आमचेही फ्रिज मंजूर झाले होते हो! उन्हाळ्यासाठी मागवलेले. आले नाताळात.

•

मग बंदची ऑर्डर आली. मशीन भंगारात, आणि फॉर्म्युला लिलावात. काकांनी नोकरीबद्दल एक शब्द काढला नाही. पण फॉर्म्युल्याचं ऐकलं आणि त्या दिवशी जेवणाचा डबाच उघडला नाही.

"घेणारा एसेन्स घालील गं. बाटलीवर आपलं नाव, आणि आत नुसता रंग!"

ताबा घ्यायला एक कडक साहेब आले. मशीनं मोजली, टाक्या मोजल्या. मग म्हणाले, "फॉर्म्युल्याची फाइल. सील करून न्यायचीय."

मॅनेजरांनी कपाटातून फाइल काढली. साहेबांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"कोकम: चवीनुसार. साखर: चवीनुसार. जिरं: चवीनुसार. मीठ..." साहेब थांबले. खाली सात अधिकाऱ्यांच्या सह्या, शिक्क्यांसकट!

"आणि आजवर प्रत्येक बाटली सारखी कशी लागायची?"

सगळ्यांच्या माना आपोआप काकांकडे वळल्या. काका टाकीच्या कडेला हात पुसत उभे.

"शेवटचं सिरप आहे, साहेब. घेणार थोडं?"

साहेबांनी पेला घेतला. अर्धा प्यायले, थांबले, उरलेला अगदी सावकाश संपवला. मग खुर्ची ओढून बसले आणि ताब्याच्या यादीत फॉर्म्युल्यासमोर स्वतःच्या हातानं लिहिलं:

'जमा करता आला नाही. सिरप रूमचे कर्मचारी बस्त्याव यांच्यासोबत पाच वाजता घरी गेला.'