बारामतीचा पगार, दिल्लीचं भाडं

उत्तर सिक्कीमला पोस्टिंग आली तेव्हा मी नायक या हुद्द्यावर होतो. आर्मी मेडिकल कोअर, नर्सिंग असिस्टंट. गाव लोणी भापकर, तालुका बारामती. आमची एमआय रूम म्हणजे आजारी जवानांना तपासायची पत्र्याची खोली. दोन खाटा, एक स्टोव्ह. माझ्याबरोबर दुसरा नर्सिंग असिस्टंट होता, नायक बिजू, केरळचा. सकाळी सिक परेड: सर्दी, पायाचे फोड, पोटदुखी. दुपारी औषधांचा स्टॉक. मग चहा.

बिजूची बायको शीबा दिल्लीत एका खासगी हॉस्पिटलात नर्स होती. तिचा पगार आमच्यापेक्षा जास्त. आम्ही हिंदीत बोलायचो, इथं मराठीत लिहितो.

"चैन आहे तुझी," मी म्हणायचो.

"शीबाच्या पगारातून आधी घरमालक जेवतो," तो म्हणायचा. "आपल्याला लंगरचं फुकट जेवण आहे, राहायला बराक आहे. सिव्हिलमधल्या नर्सला कोण देतं?"

पावसाळ्यातल्या एका सकाळी रेडिओ वाजला.

"एमआय रूम, रेशनची गाडी खाली गेलीय. एक कॅज्युअल्टी. ताबडतोब निघा. ओव्हर."

"रॉजर. निघालो."

गाडी रस्त्याखाली उतारावर अडकली होती. ड्रायव्हरची मांडी मोडलेली, रक्त थांबत नव्हतं. वरून माती सुटत होती. दोर एकच होता. बिजू माझ्यापेक्षा हलका, म्हणून तो उतरला. त्यानं पट्टी आवळली, स्प्लिंट बांधलं, ड्रायव्हरला स्ट्रेचरवर घेतलं.

"ओढा!" तो ओरडला.

मी आणि वर जमलेल्या जवानांनी ओढलं. ड्रायव्हर वर आला. दोर परत खाली सोडत होतो तेवढ्यात उतार सुटला. गाडी गेली, बिजूही गेला. मी ड्रायव्हरला सलाइन लावलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बिजू दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला.

पुढं मी हवालदार झालो आणि पेन्शनवर घरी आलो. लेक सुजाता नर्स झाली. आधी इंदापूरला लागली, मग बारामतीच्या एका खासगी हॉस्पिटलात. पगार अठरा हजार. स्टाफ कमी, त्यामुळं एका ड्यूटीला दुसरी जोडलेली. घरी आली की चपलाही न काढता ओसरीवर बसून राहायची. कधी बसल्या जागी डोळा लागायचा. या उन्हाळ्यात तिला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. दिल्ली, छत्तीस हजार. पुणे, पंचवीस.

"आप्पा, दिल्लीला दुप्पट हाय," ती म्हणाली.

"एवढ्या लांब? आजारी पडलीस तर तितं कोण हाय आपलं?" तिच्या आईनं विचारलं.

"मग हितं तरी मी कुठं बरी हाय, आई?"

मी शीबाला फोन लावला. ती बऱ्याच वर्षांपूर्वी दिल्ली सोडून कोट्टयमला परतली आहे, अजून नोकरी करते. फोन स्पीकरवर ठेवला.

"दिल्लीवाले राहायला देतायत?" शीबानं विचारलं.

"न्हाय," सुजाता म्हणाली.

"मग खोलीचं भाडं, जेवण, रात्रपाळीची रिक्षा. मी तिथं राहिलेय, पोरी. महिनाअखेर गावात राहून उरतात तितकेच उरायचे. पुणेवाले?"

"हॉस्टेल हाय, मेस हाय. आयसीयूत घेणार म्हणतात."

"मग पगार पुण्यातच जास्त आहे. आयसीयू शीक. ते पुढं कुठंही कामाला येतं."

"तुम्ही परत का आलात?"

"ड्यूटीवरून यायचे तेव्हा मुलगी झोपलेली. निघायचे तेव्हा झोपलेली. पगार चांगला होता."

सुजाता पुण्याला गेली. रविवारी फोन करते. आवाज दमलेला असतो, पण झोप होते म्हणते. तिच्या आईला तेवढं पुरतं.

त्या दिवशीच्या फोनवर, सुजाता आत गेल्यावर शीबानं मला विचारलं, "भैया, शेवटी तो काय बोलला?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

"'ओढा,' म्हणाला."

"पेशंट बरा आहे?"

"काठी घेऊन चालतो. त्याला नातू झाला."

"बरं," ती म्हणाली. "माझी ड्यूटी आहे, निघते."

नायक बिजू, आर्मी मेडिकल कोअर. सुजाता आता त्याच्या तेव्हाच्या वयाची झाली आहे.