सोनाआत्या आणि सरकीतलं पाखरू

लग्न होऊन मी किन्हीराजाला आले, त्याच उन्हाळ्यात कपाशीच्या पेरणीची सरकी निवडताना मला एकमेकींना चिकटलेल्या बिया सापडल्या. जुळं केळं खाल्लं की जुळं होतं, एवढं शास्त्र मी माहेरून शिकून आले होते. म्हणून त्या जुळ्या सरक्या कुंकवाच्या करंड्यात जपून ठेवल्या. अक्कलही तिथेच ठेवली असावी. काही दिवसांनी झाकण उघडलं तर आतून गव्हाएवढं करडं पाखरू भुर्रकन उडालं, आणि नव्या सुनेची किंकाळी शेजारपाजारी पोचली.

सोनाआत्या धावत आली. ही माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. तिने पाखरू पदरात धरून उजेडात नेलं. पंखांवर काळसर डाग, कडेला केसांची झालर.

"ज्वारीतलं असन," मी म्हणाले.

"ज्वारीतलं पिवळट राह्यते. मले सांगू नको, दाखव." हे तिचं ठेवणीतलं वाक्य, त्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

तिने जुळी सरकी नखाने फोडली. दोन बिया रेशमाने सांधलेल्या, आतून कोरलेल्या, आणि पोकळीत गुलाबी अळी निवांत झोपलेली. उरलेल्या सरक्या आत्याने कंदिलाच्या काचेत घालून दोन्ही तोंडांना फडकं बांधलं. त्यांतूनही तसलीच पाखरं निघाली. दिवसा ती फडक्याच्या घडीत दडायची, अंधारलं की काचेवर फडफडायची.

"हेच आपली बोंडं खाते," आत्या सासऱ्यांना म्हणाली. "अन् आपनच त्याले पोत्यात घालून वावरात नेतो. सारी सरकी उन्हात टाक, किसना. अळी मरते."

"बाई, सरकी भाजून जाईन. कोंब नाई आला तं पेरू काय?" सासरे ह्या थोरल्या बहिणीला बाईच म्हणत. घरात दुसरं बियाणं नव्हतं.

"नाई आला तं मले घराबाहेर काढजो."

सासऱ्यांनी पोती अंगणात आणली. जायला तिला दुसरं घर नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

वैशाखाच्या उन्हात तिने अंगणभर सरकी पातळ पसरली आणि डोक्यावर ओलं फडकं घेऊन दाणे खालीवर करत राहिली. मी सावलीतून सल्ले देत होते.

"पोरी, तोंड कायले वाळवून राह्यली? सरकी वाळव."

मग मूठभर सरकी तिने ओल्या गोणपाटात बांधून ठेवली. कोंब यायच्या दिवशी सासऱ्यांनी स्वतःच गाठ सोडली. आत्या चुलीपुढे भाकरी थापत होती; तिने वळूनही पाहिलं नाही.

पांढरेशुभ्र कोंब आले होते. सासऱ्यांनी वाळवलेली एक जुळी सरकीही फोडली. आतली अळी सुकून काडी झाली होती.

आत्याच्या भाकरीची थाप तेवढी जरा मोठी झाली. अशा बाईच्या हाताखाली मी शिकले, ह्याचा तोरा मी आजही मिरवते.

सासरे माझ्याशी सहसा बोलत नसत. त्या दिवशी दाराशी थांबून, आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सूनबाई, गावात सांगजो, ज्याले सरकी वाळवाची हाये त्यानं आमच्या आंगनात आनावी. अन् मले कोनी इचारू नका म्हनजो. बाईले इचारा, घर तिचं हाये."