खिडकीजवळचं टेबल आणि सारख्या मापाच्या चिठ्ठ्या

ग्वाल्हेरला या वेळी मी फिरायला नाही, हात वर करायला निघालो होतो. गोरखीजवळच्या आमच्या मराठी वाचनालयात खिडकीजवळचं वर्तमानपत्रांचं टेबल हलवून तिथे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं बसवायचं घाटत होतं. त्याच टेबलावर फाटकी पुस्तकं उसवून मी बाइंडिंग शिकलो; गुरू कुणी नाही. आजीव सभासद म्हणून माझं एक मत होतं. ते द्यायला नाशिकरोडहून स्लीपरने गेलो.

स्टेशन ते महाराज बाडा ई-रिक्षा वीस रुपये. तीस मागतात, देऊ नका. नई सडकेवर बेडई खाल्ली, म्हणजे डाळ भरलेली पुरी आणि बटाट्याची झणझणीत रस्साभाजी. चव तीच, पानांचे द्रोण मात्र गेले.

वाचनालयात चुलतभावाची मुलगी ओवी भेटली. "काका, हात-बात वर नाही करायचे आता. जो भी यहाँ आता है, सगळ्यांची नावं डब्यात. बारा निघतील, ते सगळ्यांचं ऐकून ठरवतील."

"आणि माझं मत?"

"नाव निघालं तर आहेच. नाहीतर पाच मिनिटं बोला, सबको मिलेंगे."

"चिठ्ठीने कुठे न्याय होतो गं?"

"मीटिंगला कमिटीचे सात आजोबाच यायचे, तेच हात वर करायचे, तो न्याय होता?"

मी डब्यात हात घातला. एक चिठ्ठी वहीच्या कागदाची, दुसरी कार्डाची. जाड चिठ्ठी बोटाला आधी लागते. राहवेना. पट्टी-कटर मागवून दुपारभर एकाच कागदाच्या पाच बाय तीन सेंटिमीटरच्या चिठ्ठ्या कापल्या, सारख्या घड्या घातल्या.

"अंकल, एक मिलीमीटर से क्या होगा?" बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी शबनम हसली.

"बेटा, हारने वाला सबसे पहले काग़ज़ टटोलता है."

चिठ्ठ्या निघाल्या. शबनमचं नाव आलं, माझं नाही. पाच मिनिटं बोललो: खळीचा वास, त्या खिडकीतलं सकाळचं ऊन, सुईत दोरा ओवायला दिवा लागायचा नाही.

शबनमने विचारलं, "तब आपकी उम्र क्या थी?"

"सोलह."

"मैं अठारह की हूँ, अंकल. उजाला मुझे भी चाहिए."

बाराजणांनी टेबल दारापाशी हलवलं.

नाशिकला परतल्यावर त्या सातांपैकी नानांचा फोन आला. "चिठ्ठ्यांत घोळ होता असा अर्ज देऊ. तू आपल्यातला, सही कर."

माझ्या बाइंडिंगच्या दुकानात बसलं की ते ऊन अजून डोळ्यांपुढे येतं. टेबल गेल्याचं लागलंच आहे.

"नाना," मी म्हटलं, "चिठ्ठ्या मी कापल्यात."