वहिनीच्या हातची गोळी

बाबांच्या चौदाव्याला, गोड जेवणाच्या पंगतीत, मी वहिनीला सगळ्यांसमोर म्हणालो, "गोळ्या पूर्ण दिल्या असत्यास तर बाबा आज असते." ही माझी चूक. वाढता वाढता तिचा हात थांबला. बाबांना मलेरिया झाला होता. क्लोरोक्विन या औषधाने ताप उतरला, मग पुन्हा चढला आणि मेंदूपर्यंत गेला. मी नुकतंच बायोकेमिस्ट्रीचं शिक्षण संपवलं होतं. औषध चुकत नाही, माणूस चुकतो, असं मला वाटायचं.

त्याच आठवड्यात मी जर्मनीला निघालो. नानाखेड्याच्या बसस्टँडवर इंदूरची बस लागली होती, दादा टपावर बॅग चढवत होता. वहिनी खिडकीखाली आली, दशम्यांचा डबा वर दिला आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, मी गोळी नुसती हातात नाही दिली हो कधी. पाणी पाजून तोंड उघडायला लावायचे. बाबा म्हणायचे, सूनबाई तर थानेदार झाली." मी डबा घेतला आणि समोर बघत बसलो. बस सुटली.

तिकडे मी मलेरियाच्याच लॅबमध्ये लागलो. तुमच्यातले जे असे दूर गेले, त्यांना ते पहिले महिने सांगायला नकोत. दुपारीच अंधारून यायचं. मलेरियाचा परजीवी जंतू वाढवायचा इनक्युबेटर मात्र माणसाच्या अंगाइतका ऊबदार असायचा. त्याचं दार मी कधी कधी उगीचच उघडायचो आणि बोलणी खायचो.

हा परजीवी आपल्या लाल पेशीत शिरतो आणि तिथलं हिमोग्लोबिन एका इवल्याशा पिशवीत पचवतो. क्लोरोक्विन त्या पिशवीत साचतं आणि खाल्लेल्या रक्तातून सुटणारं विष परजीवीला निकामी करू देत नाही; ते विषच त्याला मारतं. पिशवीच्या भिंतीत एक प्रोटीन असतं, चारशेहून अधिक कड्यांची साखळी. तिच्यातली एका ठरावीक जागची कडी बदलली, सोबत आणखी थोड्या बदलल्या, की तेच प्रोटीन औषध बाहेर फेकू लागतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. अगणित पिलावळीत कुणा एकाची नक्कल होताना चूक होते, औषध बाकीच्यांना मारतं आणि ती चूक पसरत जाते. त्याहून नवल म्हणजे या बदलाची किंमतही असते. असा परजीवी अन्न पूर्वीसारखं पचवू शकत नाही. काही मुलुखांत क्लोरोक्विन बंद झालं, तेव्हा औषधाला बळी पडणारा जुनाच परजीवी पुन्हा फोफावला. ते प्रोटीन मी पहिल्यांदा पडद्यावर फिरवून पाहिलं, तेव्हा हात जोडावेसे वाटले. आणि मग खिडकीखाली उभी असलेली वहिनी आठवली. प्रत्येक गोळी पोटात जाऊनही माणूस जाऊ शकतो.

हे कळूनही मी गप्प राहिलो. या प्रोटीनवर परिषदांमधून बोललो, घरी नाही. फोनवर वहिनीशी बोलणं म्हणजे इकडची थंडी, तिकडचा उन्हाळा, गावच्या टावर चौकातली गर्दी.

यंदा पितृपक्षात बाबांच्या तिथीला आलो. सकाळी रामघाटावर तर्पण करून घरी परतलो, तर गुडघ्याचं ऑपरेशन झालेला दादा भिंत धरून स्वतःची गोळी आणायला निघालेला. वहिनी शेजारीच बसली होती. वहिनी देईल की, मी म्हणालो. ती उठून आत गेली. दादा खालच्या आवाजात म्हणाला, "ती औषधाला हात लावत नाही. बाबा गेले तेव्हापासून. पोरांना ताप आला तरी शेजारच्या भाभींना बोलवायची."

इतकी वर्षं मी घराची आठवण काढत होतो, तेव्हा माझं एक वाक्य त्या घरात राहत होतं. आता घर म्हणजे मला तीच जागा वाटते, जिथे आपलं बोललेलं आपल्या मागे राहतं आणि दुसऱ्या कुणाला ते सोसावं लागतं.

दुपारी पानं मांडली. चौदाव्याला होती त्यातली बरीच माणसं होती. वहिनी वडे वाढत माझ्या पानाशी आली, तसा मी उभा राहिलो. आत्या म्हणाली, "आता तुला काय झालं रे? बस ना, भात गार होतोय." मी उभाच राहिलो.

"वहिनी, बाबांच्या चौदाव्याला या सगळ्यांसमोर मी तुझ्यावर आळ घेतला. तू प्रत्येक गोळी दिली होतीस. औषधच हरलं असावं, पण बाबांचं रक्त आता तपासता येत नाही, म्हणून खात्रीने सांगू शकत नाही. खात्री तर मला तेव्हाही नव्हती, आणि तरी मी बोललो. मला माफ कर."