राजूरची हमिंगबर्ड मामी

राजूरच्या आमच्या मामीला मी कधी निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं. भाकरी थापता थापता कोंबड्या हाकलायची, जेवायचीसुद्धा उभ्यानं! आता ती नाही. पण आठवते ती अशी पळतानाच. मामा बरोब्बर उलटे. कोळशाच्या खाणीत कायमची रात्रपाळी. सकाळी आडवे झाले की थेट दिवेलागणीला उठायचे, आणि तोवर मामी पेंगायला लागलेली असायची.

एकदा मी तिला मोबाइलवर परदेशातलं एक फूल दाखवलं. दिवसा हमिंगबर्ड हा चिमुकला पक्षी हवेत तरंगत त्यातला मध पितो. रात्री इवलंसं वटवाघूळ येऊन तसंच तरंगतं, तशीच लांब जीभ काढतं. मामीनं कणकेचे हात पुसून ते पुन्हा पाहिलं.

"अवो माय! एकाच ताटात जेवून राह्यले, अन् भेट नाही एकमेकाची! हे वाघूळ म्हणजे तुह्ये मामा, अन् हे फुरफुर पाखरू म्हणजे मी."

झालं! मामांचं नाव वाघूळ पडलं. एका दुपारी शेजारची वरात निघाली, तर मामी हात आडवे करून बँडवाल्यांसमोर उभी. "माह्यं वाघूळ झोपलं हाय! कोपऱ्यापर्यंत मुक्यानं जा, मंग काय नाचाचं ते नाचा!"

मामा डोळे चोळत दारात आले. "बँडनं नाही उठलो मी. तुह्या आवाजानं उठलो."

घोड्यावरचा नवरदेवसुद्धा खो खो हसला.

पण एक गोष्ट तिला खरंच सलायची. दोघं जागे असून पोटभर बोललो, असं लग्नानंतर कधी घडलंच नव्हतं. मामा रिटायर झाले की दिवसभर गप्पा मारायच्या, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. मामा रिटायर झाले, आणि झोपले! रात्री टक्क जागे, दिवसा डाराडूर. मामीनं तोंडावर पाणी मारलं, कडक चहा पाजला, कशाचा म्हणून उपयोग नाही. फोनवर बिचारी रडलीच. "असंच जाईन का वं आयुष्य माह्यं?"

दिवाळीनंतर भर दुपारी मी राजूरला गेले. घरात कसलाच आवाज नाही. कडी वाजवत सुटले. बऱ्याच वेळानं मामी आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"मामी, बरं नाही का?"

"हळू बोल वं, आत्ताच डोळा लागला आमचा." आणि लाजून हसली. "रातभर बोलत बसतो आम्ही. त्याइले दिवस नाही जमला, मले रात जमली."