आमचे फोटो उघडे, त्यांची नावं झाकलेली

पडद्यावर माझी आई होती. गळ्यात झेंडूचा हार, हातात डबडं, मान खाली. भिंतीएवढी मोठी.

"बघा, आपला डेटा किती रिच आहे," सल्लागार म्हणाला. "नाव, वस्ती, प्रवर्ग, मोबाइल नंबर. आणि फोटोसुद्धा."

पुढच्या रांगा पोट धरून हसल्या. मागच्यांनी, साहेब हसतायत म्हणून, दात काढले.

फोटो मोठा मीच केला होता. लॅपटॉप माझ्यापुढं होता. पडद्यावर कितीतरी बारक्या चौकटी होत्या, त्यातल्या एकीवर त्यानं लाल ठिपका टेकवला. "ऑपरेटर, तो मोठा कर गं." मी केला. मोठा होईपर्यंत मला कळलं नाही कोण ते. मग कळलं.

मी महापालिकेच्या डिजिटल कक्षात कंत्राटावरची ऑपरेटर. आमच्या वस्तीत कॉम्प्युटरवर बसून पगार घेणारी पहिलीच पोरगी. याचा मला माज होता. गळ्यातलं ओळखपत्र मी रिक्षातही काढायची नाही. त्या दिवशी सोलापूरच्या नव्या नियमांचा मसुदा शहरातल्या बड्या लोकांपुढं मांडायचा होता. नियमांचे भाग दोन. पहिला, शहराची माहिती सगळ्यांना खुली. दुसरा, महापालिकेला द्यायचे पैसे क्रिप्टोत, म्हणजे त्या कॉम्प्युटरवरच्या चलनात, भरायची सोय. त्यासाठी बाहेरून सल्लागार आणलेला. आल्या आल्या त्याच्या अंगावर सोलापुरी चादर घातली. ती त्यानं न बघताच खुर्चीच्या पाठीवर टाकली. असल्या माणसाकडून आमच्या शहराला शहाणपण घ्यायचं होतं.

आता त्या हाराचं सांगते. मी तेव्हा शाळेत होते. वस्तीत कुणाच्या घरी संडास नव्हता. एक सार्वजनिक होता, पालिकेनं ठेकेदाराला पैसे देऊन बांधलेला, पण त्याला ना पाणी ना कडी. बायका उजाडायच्या आत रुळाच्या कडेला जायच्या. एका पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना पकडणारं पालिकेचं पथक शिट्ट्या वाजवत आलं. त्यांनी आईला उभं केलं, हार घातला, टाळ्या वाजवल्या. "पुन्हा बसणार नाही म्हण," म्हणाले आणि फोटो काढला. मी मागंच होते. एक जण म्हणाला, "हिचा पण घ्या की." दुसरा म्हणाला, "जाऊ दे, लहान आहे." एवढीच त्यांची दया. आईनं घरी येऊन हार चुलीत घातला. ओला होता, नुसता धूर झाला. पुढं कितीतरी दिवस ती कामाच्या वेळेत पाणीच प्यायची नाही. टॉवेलच्या कारखान्यात कोरड्या ओठांनी शिलाई मारत बसायची.

आम्हाला वाटलं होतं, तो फोटो त्या पहाटेबरोबर गेला. यांनी जपून ठेवला होता. रस्ते जपता आले नाहीत, नळ जपता आले नाहीत. हे मात्र जपलं.

सभागृहात मागून एक आजोबा उठले. ज्येष्ठ नागरिक म्हणून बोलावलेले, कुणी विचारणार नाही अशा खुर्चीवर बसवलेले.

"साहेब, ते संडास बांधणाऱ्या ठेकेदाराची बिलं बी दिसतील का हितं?"

"नाही काका. ती व्यावसायिक माहिती. गोपनीय असते."

"बरं. आन् त्या क्रिप्टोत पैसं कोन भरनार?"

"कोणीही. ठेकेदारांना अनामत भरायला फार सोयीचं. सध्या कायद्यात बसत नाही, पण बसलं की आपण तयार हवं ना."

"मंजी पैसं कुनाचं, ते कळंल का न्हाय?"

सल्लागार हसला. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "नाव दिसत नाही काका. माणसाची प्रायव्हसी जपणं, तेच तर त्यातलं सौंदर्य आहे."

हे तो बोलत होता तेव्हा त्याच्या डोक्यामागं माझी आई उभी होती. नाव, नंबर, डबडं, सगळ्यासकट.

तिथं मला लख्ख कळलं. ठेकेदार यांच्या लेखी माणूस. त्याला अब्रू आहे, ती झाकायला नियम पाहिजे. आईची अब्रू म्हणजे डेटा, तो खुला पाहिजे. आणि मी इतकी वर्षं या लोकांना घाबरत होते. फाडफाड इंग्रजी बोलतात म्हणून यांच्यापुढं हात मागं बांधून उभी राहायची. मला किळस आली. यांची आली, आणि माझ्या त्या माजाचीही.

"नेक्स्ट," तो म्हणाला.

मी माउसवरचा हात काढला.

"नेक्स्ट, ऑपरेटर. झोपलीस काय?"

मी उभी राहिले. "ही माझी आई आहे. मी पुढं जाणार नाही."

हसणं बंद पडलं. त्यांना लाज वाटली असं समजू नका. कार्यक्रमात अडचण आली, इतकंच.

आमच्या कक्षाच्या प्रमुख मॅडम मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेल्या. आवाज एकदम मऊ. "अगं, आधी सांगायचं नाही का? पासवर्ड तुझ्याकडेच आहे. तुझ्या आईचा तेवढा काढून टाक. कोणाला कळणारही नाही."

"बाकीच्या बायकांचे?"

"त्यांनी तक्रार केलीय का?" मग म्हणाल्या, "तुझं कंत्राट वाढवायचं माझ्याच हातात आहे, एवढं लक्षात ठेव."

संध्याकाळी आई कामावरून येऊन टेकली, तेव्हा तिला सगळं सांगितलं.

"आजून हाय तो फोटू?"

"आहे."

"काड की मग. लगीच काड."

मी मोबाइलवर लॉगिन केलं. ती शेजारी येऊन बसली. स्क्रीनकडं बघून म्हणाली, "ही तर आपली पल्याडची काकू. आन् ही?" ती दुसरी बाई तर आता जिवंतही नव्हती. पण तिथं अजून डबडं धरून उभी होती.

"यांचं बी काड."

"सगळे काढले तर ते दुसरीकडून परत चढवतील, आणि मला चोर ठरवतील. फक्त तुझ्यापुरती सूट दिलीय त्यांनी."

आईनं त्या बायकांचे फोटो परत एकदा बोटानं सरकवून पाहिले. मग म्हणाली, "तर ऱ्हाऊ दे. माजा येकटीचा काडलास तर उद्या नळावर या बायांत कुटल्या तोंडानं उभी ऱ्हाऊ?"

"तुला लाज नाही वाटणार?"

"लई वाटती की. म्हून काय या बायास्नी सोडायचं?"

मी लॉगआउट केलं. तेवढी एक सूट घेऊन मी गप्प बसले असते तर जन्मभर त्यांचीच ऑपरेटर राहिले असते.

मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या, दाखवण्यापुरत्या. मी हरकत लिहिली: बायकांचे फोटो उतरवा, ठेकेदाराची बिलं खुली करा. वस्तीतल्या बायकांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले. सगळ्यांत वर माझं नाव. मॅडमनी कागद दोन बोटांत धरला. "तुला नोकरी नकोय का?"

"हवीय," मी म्हणाले. "पण या भावात नको."

कंत्राट वाढलं नाही. आता एका झेरॉक्सच्या दुकानात बसते. पगार निम्म्यावर आलाय, घरात ओढाताण आहे, ते मी लपवत नाही.

हरकतींची सुनावणी लागलीय. आम्ही सगळ्या जाणार, आई रजा टाकून येणार. ते चहा पाजतील, गोड बोलतील, फोटो उतरवतो म्हणतील. फोटो तर त्यांना उतरवावेच लागतील. तेवढ्यावर मी उठणार नाही. आमच्या संडासाचे पैसे ज्यानं खाल्ले, त्याचं नाव सगळ्या शहराला वाचता येईल असं लिहिलेलं मला पाहिजे. बापाच्या नावासकट, आडनावासकट. आज नाही दिलं तर उद्या जाईन, उद्या नाही दिलं तर परवा. पण विनवणी आता करणार नाही.